पापाची वाटणी



आज मला आपल्याशी नीतिशिक्षणाविषयी बोलावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकताच काही मंडळींचा हात रेडिओचा कान पिळण्यासाठी पुढे झाला असेल. त्यांना मी दोष देत नाही. नीतिशिक्षण म्हटले की पुढे काय ऐकावयाचे आहे ते आपल्याला पाठच झालेले असते. पूर्वीची माणसे किती सरळ होती, हल्लीची मुले कशी बिघडली आणि आपली थोर संस्कृती कशी लोपत चालली. यातले काही मी सांगणार नाही. पूर्वीही मुले दुसऱ्याच्या झाडाच्या चिंचा पाडीत होती आणि पूर्वीही मोठी माणसे बांध कोरीत होती, कचेरीत जाऊन खोटी साक्ष देत होती. माझा प्रश्न निराळा आहे. आपल्या हिंदू परंपरेतल्या जुन्या ग्रंथांनी नीती शिकविली ती कोणत्या रीतीने? आणि आज आपण त्या ग्रंथांचे नाव घेऊन जी शिकवतो, ती रीत तीच आहे काय?

शाळेतला परिपाठच घ्या ना. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, प्रार्थना होते. मग दिनविशेष, सुविचार आणि बोधकथा. एखादी चौथीतली मुलगी पुढे येते, हाताची घडी घालते, एका दमात गोष्ट म्हणून टाकते आणि शेवटी मोठा श्वास घेऊन म्हणते, "तात्पर्य!" तात्पर्य झाले की रांगा वर्गात जातात आणि गोष्ट मैदानातच राहते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात त्या मुलीची चूक नाही, गुरुजींचीही नाही. पण ती गोष्ट कुणाच्या जिवाला लागत नाही, एवढे मात्र खरे.

इथे कोणी म्हणेल की पुराणातल्या गोष्टी शाळेत सांगाव्यात की नाहीत, इथूनच आधी वाद आहे. तो वाद थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माची दीक्षा देणारे शिक्षण मना केले आहे. ते योग्यच आहे. वर्गात नाना धर्मांची मुले असतात. पण धर्माची दीक्षा देणे निराळे आणि धर्मग्रंथांतून माणसाने चांगल्यावाइटाचा विचार कसा केला हे सांगणे निराळे. सरकारने १९५९ साली या प्रश्नावर एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष श्रीप्रकाश. तेच पुढे महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल झाले. त्यानंतर १९६४ ते ६६ मध्ये बसलेल्या कोठारी आयोगानेही सांगितले की जगातल्या थोर धर्मांतल्या गोष्टी लहान मुलांना जरूर सांगाव्या. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही असाच निर्वाळा दिला की, धर्मांविषयी शिकविणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. तेव्हा वाट मोकळी आहे. काय सांगावे हा प्रश्न पुष्कळ चघळला गेला. कसे सांगावे, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आता हे 'तात्पर्य' आले कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. मोठे उपयोगाचे काम केले त्यांनी, यात शंका नाही. पण त्या वळणाची शालेय पुस्तके वाचता वाचता, गोष्ट म्हटली की तिच्या शेपटाला तात्पर्य बांधलेच पाहिजे, अशी आपली समजूत होऊन बसली. आपलेच पंचतंत्र उघडून बघा. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करून सोडण्याचा पैजेचा विडा उचलला, आणि पहिल्याच तंत्रात त्याने त्यांना काय ऐकविले? दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत बिब्बा घालतो, सिंहाच्या हातून निरपराध बैलाला मारवतो आणि स्वतः राजाच्या मर्जीत जाऊन बसतो. लबाड कोल्हा शेवटी जिंकतो! आणि गंमत अशी की त्या सबंध कथेत उत्तमोत्तम सुविचार पुष्कळदा त्या दमनकाच्याच तोंडी आहेत. एकेक नीतिवचन म्हणायचे आणि त्याच्या आडून गळा कापायचा, असा त्याचा धंदा. विष्णुशर्म्याला मुलांना हेच दाखवायचे असावे की, बाबांनो, सुविचार बोलणाऱ्याच्या हाताकडेही लक्ष ठेवा. आपण मात्र सुविचार फळ्यावर लिहून मोकळे होतो.

तात्पर्याने गोष्टीचा जीव कसा जातो, याचे दुसरे उदाहरण एकलव्याचे. द्रोणाचार्यांनी त्याला शिष्य म्हणून घेतले नाही. त्याने मातीची मूर्ती पुढे ठेवून विद्या मिळविली. आणि मग त्याच गुरूने दक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. पिढ्यान्‌पिढ्या आपण या गोष्टीखाली काय लिहीत आलो? "तात्पर्य: गुरुभक्ती." वर्गात तिसऱ्या रांगेत बसलेल्या एखाद्या मुलाचा पणजा कधीकाळी शाळेच्या ओसरीवर बाहेर बसून शिकलेला असतो. ते मूल आपले तात्पर्य ऐकते आणि गप्प बसते. त्याच्या मनात जे चाललेले असते ते आपण ऐकूनच घेत नाही. आणि महाभारतकार तर काही लपवून ठेवीत नाहीत. अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी, अर्जुनाहून वरचढ कोणी होऊ नये म्हणून, हा अंगठा गेला, हे तिथे उघड लिहिलेले आहे. व्यासांनी प्रश्न उघडा ठेवला; झाकण घातले ते आपण.

श्रोतेहो, प्रश्न उघडा ठेवणे हीच त्या ग्रंथांची रीत. ती सर्वांत लखलखीत दिसते ती सभापर्वात. द्यूताची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. कीर्तनातून, तमाशातून, दूरदर्शनवरून ती सर्वांनी पाहिली-ऐकली आहे. पण आपल्या ध्यानात राहते ती वस्त्रे पुरविणाऱ्या कृष्णाची लीला. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर त्या सभेत जो वाद झाला, तो सहसा कोणी सांगत नाही. म्हणून तो आज सांगतो.

युधिष्ठिर सर्व काही हरला. भाऊ हरला, स्वतःला हरला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावून तिलाही हरला. दुर्योधनाने तिला आणावयास प्रातिकामी नावाचा सूत पाठविला. द्रौपदी रडत बसली नाही. तिने त्या निरोप्याला परत पाठविले आणि सांगितले की, आधी सभेत जाऊन त्या जुगाऱ्याला विचारून ये, तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? प्रश्न कायद्याचा आहे, बरे का. जो स्वतःच दास झाला, त्याची कशावर मालकी उरते? मग तो दुसऱ्याला पणाला कसा लावतो?

त्या सभेत कोण नव्हते? भीष्म होते, द्रोण होते, कृप होते, आंधळा का होईना, राजा होता. सगळे शास्त्र जाणणारे. तिला ओढून आणल्यावरही तिने तोच प्रश्न विचारला. भीष्मांनी उत्तर दिले की धर्माची गती फार सूक्ष्म आहे, मला याचा नीट निर्णय देता येत नाही. बाकीचे खाली मान घालून बसले. बोलला तो एकटा विकर्ण. तो कोण? कौरवांपैकीच एक, दुर्योधनाचा धाकटा भाऊ! तो उठून म्हणाला की तुम्ही वडीलधारे बोलत नाही तर मी बोलतो. द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला तिथल्या तिथे दडपले. तू पोरगा आहेस, तुला धर्म काय कळतो, असे त्याला ऐकविले. आपल्या गावच्या ग्रामसभेत एखादा तरणा पोरगा हिशेब विचारायला उठला की त्याला काय ऐकून घ्यावे लागते, ते आठवा. शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

मग विदुर उठला. दासीचा मुलगा, म्हणून राज्याला मुकलेला; पण सभेत डोके ठिकाणावर होते ते त्याचे. त्याने एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ऋषिपुत्र यांच्यात, थोर कोण यावरून भांडण लागले. दोघांनी प्राणांची पैज लावली आणि निवाड्यासाठी ते प्रल्हादाकडेच गेले. प्रल्हाद पेचात पडला. खरे बोलावे तर मुलगा जातो. त्याने कश्यप ऋषींना विचारले की, ठाऊक असून जो उत्तर देत नाही किंवा खोटे देतो, त्याचे काय होते? तेव्हा कश्यपांनी जो हिशेब सांगितला, तो माझ्या मते आपल्या सबंध नीतिशास्त्रातला सर्वांत रोखठोक हिशेब आहे.

कश्यप म्हणाले, सभेत अधर्म घडला आणि निंद्य गोष्टीला कोणी निंद्य म्हटले नाही, तर त्या पापाची वाटणी होते. त्यातला अर्धा वाटा जातो सभेच्या प्रमुखाकडे. एक चतुर्थांश जातो प्रत्यक्ष करणाऱ्याकडे. आणि उरलेला एक चतुर्थांश जातो गप्प बसलेल्या सभासदांकडे. पण सभेने निंद्याला निंद्य म्हटले तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात आणि सगळे पाप करणाऱ्याच्या पदरात पडते.

रुपयाच्या भाषेत सांगावयाचे तर सोळा आण्यांतले आठ आणे प्रमुखाचे, चार आणे करणाऱ्याचे, चार आणे बघणाऱ्यांचे. ज्याने गुन्हा केला त्याच्याकडे चारच आणे! प्रल्हादाने हे ऐकले आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल दिला. त्याची सचोटी पाहून सुधन्व्याने विरोचनाला जीवदान दिले, हा भाग निराळा. हस्तिनापूरच्या सभेने मात्र विदुराची ही कथाही ऐकली आणि तरी कोणी तोंड उघडले नाही, असे महाभारत पुढच्याच श्वासात सांगते.

आता ही वाटणी घेऊन आपण आपल्या गावात येऊ. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की काय होते ते मी सांगायला नको. परीक्षेतले गैरप्रकार थांबविण्यासाठी आपल्या राज्याने १९८२ साली कायदा केला. भरारी पथके येतात, बैठी पथके येतात, कॉपीमुक्त अभियान होते. आणि तरीही काही केंद्रांच्या कुंपणावर माणसे चढलेली असतात. ही माणसे कोण? मुलांचे काका, मामा, थोरले भाऊ. क्वचित आत बसलेल्याच माणसाकडून उत्तर बाहेर येते आणि बाहेरून पुन्हा आत जाते. सापडला तर सापडतो कोण? तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. त्याच्या खिशातली चिठ्ठी निघते, त्याचे वर्ष जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपण वाचतो की, हल्लीच्या मुलांना नीतिशिक्षणाची गरज आहे!

कश्यपांच्या वहीत बघाल तर त्या पोराच्या नावावर चार आणे आहेत. केंद्र ज्याच्या ताब्यात, त्याच्या नावावर आठ आणे. उरलेले चार आणे कुंपणाबाहेर उभे राहून मजा बघणाऱ्या सर्व गावाचे. आपले सगळे नीतिशिक्षण मात्र त्या चार आणेवाल्या मुलावर चालते. बाकीच्या बारा आण्यांना आपण हातच लावीत नाही. मूल्यशिक्षणाची पुस्तके मुलांसाठी, सुविचार मुलांसाठी, बोधकथा मुलांसाठी. संस्थाचालकांसाठी परिपाठ कुठे आहे काय?

ही वाटणी मी एकदा माझ्या वर्गात सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. मोठा मिस्कील. म्हणाला, "सर, सभेत माणसं किती होती? शेकड्यांनी असतील. मग चार आणे त्यांच्यात वाटले तर माणशी काय येईल? पैसुद्धा नाही!" वर्ग हसला. मीही हसलो, कारण प्रश्न खरोखर चांगला होता. गर्दीत आपला वाटा बारीक होतो, म्हणून तर गर्दीत माणसे गप्प बसतात. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात एक मुलगी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार असतात. कर्जदारानं बुडवलं तर सोसायटी काय निम्मं निम्मं मागते का? ज्याच्याकडं सापडंल त्याच्याकडनं सगळं वसूल करते." तिच्या घरी हा अनुभव येऊन गेला असावा. तिचा आवाज हसण्यासारखा नव्हता. तो मिस्कील मुलगा खाली बसला. जामीनदारी पातळ होत नाही, हे कर्जाच्या कायद्यात आपल्याला ठाऊक असते. सभेत बसतानाही आपण कोणाला तरी जामीन राहिलेलो असतो, हे त्या मुलीने मला सुचविले. कश्यपांच्या वचनावर इतके चांगले भाष्य माझ्या वाचनात आलेले नाही.

असे हे गोष्टीचे काम. तात्पर्य सांगून टाकले असते तर ना तो मुलगा उठला असता, ना ती मुलगी बोलली असती.

महाराष्ट्रात सभासदाचा हा वाटा कोणी मनावर घेतला असेल, तर तो साने गुरुजींनी. गुरुजी म्हटले की आपल्याला 'श्यामची आई' आठवते, डोळ्यांत पाणी येते, आणि तिथेच आपण थांबतो. हळव्या गोष्टी सांगणारे अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, एवढेच त्यांचे चित्र आपण जपून ठेवले आहे. पण याच माणसाने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. मंदिराची दारे उघडण्याचे ठरले तेव्हाच ते सुटले. आता विचार करा. गुरुजींना स्वतःला कोणी मंदिराबाहेर ठेवले होते का? नाही. बंदी त्यांनी घातली होती का? तीही नाही. प्रमुखाचे आठ आणे त्यांचे नव्हते, करणाऱ्याचे चार आणे त्यांचे नव्हते. ते फक्त त्या समाजाचे एक सभासद होते, आणि गप्प बसणाऱ्याचा वाटा घेण्याचे त्यांनी नाकारले. माझ्या मते शाळेत 'श्यामची आई' वाचताना हे उपोषण वगळले तर पुस्तक अर्धेच वाचल्यासारखे होते.

मग शिक्षकाचा वाटा कोणता? वर्ग ही लहानशी सभाच आहे आणि तिचा प्रमुख कोण, हे सांगायला नको. इथे तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीची आठवण होते. विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू चार शब्द सांगतो. खरे बोलत जा, धर्माने वाग, शिकणे आणि शिकविणे सोडू नको, असे आपल्याला सवयीचे उपदेश त्यात आहेतच. विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात ते म्हटलेही जातात. पण त्यातच गुरू असेही सांगतो की, आमच्या ज्या चांगल्या कृती असतील तेवढ्याच तू उचल. बाकीच्या उचलू नको. केवढे हे धैर्य! माझ्यात वाईटही आहे, तू ते पाहिलेले आहेस, ते माझ्याबरोबरच राहू दे, असे शिष्याला तोंडावर सांगणारा गुरू. आणि तो पुढे म्हणतो की कधी संशय पडला तर जे विचारी आहेत, ज्यांच्या अंगी कठोरपणा नाही, ते लोक तिथे कसे वागतात ते बघ आणि तसे वाग. म्हणजे शेवटचा आधार माणसाच्या वागण्याचा. आणि तो पण कोणत्या माणसाचा? नुसत्या विद्वानाचा नव्हे, जो निष्ठुर नाही अशाचा.

माझ्या काही शिक्षक मित्रांना धास्ती वाटते की अशा गोष्टी उघड्या ठेवल्या तर मुले धर्माला नावे ठेवू लागतील. मला तसे वाटत नाही. ज्या परंपरेने आपल्या सर्वांत पूज्य आजोबाला भर सभेत निरुत्तर झालेले दाखविले, ती परंपरा सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाने ढासळणार नाही. वर्गात बौद्ध मुले असतील, मुसलमान, ख्रिस्ती मुले असतील. त्यांनाही त्यांच्या घरच्या गोष्टी आणू द्या. जातकांत, हदीसांत, बायबलात असे उघडे प्रश्न भरपूर आहेत. द्रौपदीचा प्रश्न ऐकणाऱ्याची जात विचारीत नाही आणि धर्मही विचारीत नाही.

माझी वेळ संपत आली. करून बघण्यासारखे एक सांगतो. शनिवारची सकाळची शाळा निवडा. पहिल्या शनिवारी द्यूताची गोष्ट द्रौपदीच्या प्रश्नापर्यंतच सांगा आणि घंटा वाजू द्या. मुले हळहळतील, हळहळू द्या. घरी जाऊन आज्जीला विचारतील, तेही बरेच. दुसऱ्या शनिवारी मुलांनाच सभा करा. कोणी भीष्म होईल, कोणी विकर्ण, कोणी कर्ण. वस्त्रहरणाचे नाटक मुळीच नको. नुसता वाद होऊ द्या. भीष्म झालेल्या मुलाला गप्प बसणे किती अवघड जाते, ते बघण्यासारखे असेल. तिसऱ्या शनिवारी कश्यपांची वाटणी फळ्यावर मांडा, अपूर्णांकांचा धडाही आपोआप होईल. मग गावातली एखादी घडलेली गोष्ट मुलांनाच निवडू द्या. नळावर कोणाला मागे थांबविले असेल, ओढ्याकाठचे झाड रातोरात तोडले गेले असेल, शाळेच्या खिचडीतला तांदूळ कमी भरला असेल. कोणाचे किती आणे, ते मुलांना लिहू द्या. त्यांच्या वहीत डोकावून दुरुस्त्या करू नका.

एक मात्र ध्यानात असू द्या. ही वाटणी मुलांच्या हाती दिली की ती गावापुरती थांबणार नाही. कोणीतरी हात वर करून विचारील, "सर, मागच्या परीक्षेच्या वेळी तुम्ही कुठं होता?" त्या प्रश्नाची तयारी मात्र पहिल्या शनिवारच्या आधीच करून ठेवा.